सिद्धोधनशिवाय लूपलाईन

पूर्णेच्या बाजारात सरकीच्या पेंडीचं दुकान चालवणारा मल्लेश एके काळी पुण्यात स्टेजवर गिटार वाजवायचा, हे आता मोजक्याच लोकांना आठवतं. पेंड, भुसा, जनावरांचं मीठ न्यायला येणारी गिऱ्हाइकं त्याला ईश्वरअप्पांचा पोरगा म्हणून ओळखतात. वय चौतीस, अंगानं जरा सुटलेला, बोलायला कमी. कुणी जुन्या ओळखीच्यानं बँडचा विषय काढलाच, तर तो हसतो, "होतं ते पोरपणी," म्हणतो आणि पोती उचलायला लागतो. खरं तर बँड आठ वर्षं चालला होता. तो बुडाला याची कारणं पुष्कळ सांगता येतील आणि ड्रम वाजवणारा भागवत ती सांगतोही. मल्लेश स्वतःशी एकच कारण धरून बसलाय.

२०११ साली तो परभणीला बी.एस्सी. करत होता. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. हैदराबादला नोकरीला असलेल्या चुलतभावानं दिवाळीला येताना एक पेन ड्राइव्ह आणला होता, त्यात इंग्रजी रॉकची दोन-तीनशे गाणी होती. शब्द मल्लेशला अर्धेही कळत नसत. पण ती खरखरीत गिटार, गाणाऱ्याचं ते मनापासून वैतागणं त्याच्या डोक्यातून जाईना. नांदेडहून त्यानं एक गिटार आणली आणि सायबर कॅफेत व्हिडिओ बघून बघून शिकला. बोटांना फोड आले, ते फुटून घट्टे पडले.

त्याच पॅसेंजरमध्ये सिद्धोधन असायचा. वडील रेल्वेत ट्रॅकमन, राहायला रेल्वे क्वार्टरमध्ये, शिकायला परभणीलाच बी.ए.ला. डब्याच्या दाराशी उभा राहून तो पत्र्यावर थाप मारत गायचा. आवाज गोड अजिबात नव्हता. घशात वाळू असल्यासारखा जाडाभरडा, वर चढताना फाटायचा, आणि फाटला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मल्लेशला आधी वाटलं, कुठल्या सिनेमातलं गाणं असेल. एक दिवस त्यानं विचारलं.

"माझंच हाय," सिद्धोधन म्हणाला. "काल लिवलं."

दुसऱ्या दिवशी मल्लेश गिटार घेऊनच गाडीत चढला.

पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोघं जमली. भागवत हा पूर्णेजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. परभणीच्या एका बँड पार्टीकडून त्यानं जुना ड्रम सेट मिळवला आणि महिनाभरात त्यावर असा हात बसवला, जणू जन्मापासून तोच वाजवत होता. अपेक्षा पाथरीची, परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होती. लहानपणी पेटी शिकलेली होती, इथं येऊन तिनं बेस गिटार हातात घेतली. घरी सांगायची, लायब्ररीत जाते.

नाव सिद्धोधननं दिलं. पूर्णा जंक्शन आहे; मोठ्या गाड्यांना वाट द्यायची असली की पॅसेंजर बाजूच्या रुळावर, लूपलाईनवर, घेतात. अर्धा-अर्धा तास ती तिथं उभी. त्यावरच त्यानं गाणं लिहिलं होतं:

उभी हाय गाडी बाजूच्या रुळावर,
मोठ्यांची जायलीय धुरळा उडवत.
आमी खिडकीतून हात हलवायलोत,
कोण बघायलंय मागं वळून?

बँड लूपलाईन झाला तो असा.

सराव ईश्वरअप्पांच्या पेंडीच्या गोदामात चालायचा. भोवती छतापर्यंत पोती, त्यामुळं आवाज बाहेर फारसा जात नसे. ईश्वरअप्पा कपाळाला विभूती लावून सकाळी दुकान उघडणारे, कमी शब्दांचे गृहस्थ. त्यांनी पोराला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, की तुमच्या आवाजानं गोदामातले उंदीर पळाले, तेवढा तरी फायदा झाला. मल्लेशची आई, सिद्धम्मा, चौघांसाठी चहा पाठवायची. भागवत आणि अपेक्षा कधी घरातही जायचे, स्वयंपाकघरात बसून खायचे. सिद्धोधन गोदामातच थांबायचा. त्याला घरात येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नाही. मल्लेशच्या हे तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नव्हतं, आणि पुढं ज्या गोष्टींनी त्याला जास्त छळलं त्यातली ही एक.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये झाला आणि पुरता फसला. पोरांना नाचायला डीजेची गाणी हवी होती. दुसऱ्या गाण्याला शिट्ट्या, तिसऱ्याला चपला. भागवत एवढा चिडला, की काड्या फेकून स्टेजवरून उतरायला निघाला. सिद्धोधननं त्याला हातानं धरून बसवलं, माईक जवळ ओढला आणि चौथं गाणं पुऱ्या जोरानं गायलं. पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. तेवढंच. पण परतीच्या पॅसेंजरमध्ये चौघंही त्या दोन रांगांबद्दलच बोलत होते.

औरंगाबादला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, ती नेमकी रेल्वेच्या ग्रुप डी भरतीच्या परीक्षेच्या दिवशी आली. सिद्धोधनचा नंबर त्याच दिवशी होता. त्याच्या वडलांची रिटायर व्हायची वेळ जवळ आलेली, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू. मल्लेशनं त्याला सांगितलं, की तू नसलास तर आमी जाऊन करायचं काय, तुझ्याशिवाय लूपलाईन न्हाईच. ते त्या वेळी मनापासूनच होतं. सिद्धोधननं हॉलतिकीट खिशात ठेवलं आणि औरंगाबादच्या गाडीत बसला. त्यांना दुसरा नंबर मिळाला. घरी काय झालं ते सिद्धोधननं कधी सांगितलं नाही. चार-पाच दिवस सरावाला आला नाही, एवढं मल्लेशला आठवतं.

मग दिवस फिरले. अपेक्षानं गोदामात मोबाईलवर घेतलेला लूपलाईनच्या गाण्याचा व्हिडिओ तिनं यूट्यूबवर टाकला होता. वर्षभर तो तसाच पडून होता. २०१५च्या उन्हाळ्यात तो अचानक फिरायला लागला. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांनी तो एकमेकांना पाठवला. महिन्यात लाखाच्या वर लोकांनी बघितला. पुण्यातल्या एका छोट्या हॉलमधून बोलावणं आलं, मग कॉलेजांच्या महोत्सवांतून, एकदा नाशिकहून, एकदा थेट गोव्याहून. एका वर्तमानपत्रात चौघांचा फोटो छापून आला, तो ईश्वरअप्पांनी गल्ल्याच्या मागं चिकटवला. चौघं पुण्यात दोन खोल्या घेऊन राहायला लागले. एकीत तिघं पोरं, शेजारच्या दुसरीत अपेक्षा आणि तिची मैत्रीण. ती दीड वर्षं मल्लेशच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. लोक हॉलमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधीच "उभी हाय गाडी" म्हणायला लागायचे, अस्सल पुणेकर पोरं-पोरीसुद्धा जिभेला वळण देऊन "हाय" म्हणायची, आणि सिद्धोधन माईकपासून मागं सरकून त्यांना गाऊ द्यायचा.

२०१७च्या सुरुवातीला एका संगीत कंपनीचा माणूस भेटला. त्यानं मल्लेशला एकट्यालाच चहाला बोलावलं. गिटार वाजवणारा आणि फोन उचलणारा तोच होता, म्हणून असेल. आठ गाण्यांचा अल्बम काढायचा, मोठा स्टुडिओ, चांगले वादक जोडीला. अट एकच. आवाज बदलायचा. त्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणं सिद्धोधनचा आवाज स्टेजवर ठीक होता, पण घरात बसून रोज ऐकण्यासारखा नव्हता. त्याच्याकडं एक तयार गायक होता, शास्त्रीय शिकलेला. आणि गाण्यांची भाषाही जरा नीट करून घ्यायची, हाय-न्हाई काढून टाकायचं, म्हणजे सगळ्यांना ती आपली वाटतील.

मल्लेशनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. त्यानं दोन दिवसांची मुदत मागितली.

सिद्धोधन तेव्हा पूर्णेला होता, बहिणीच्या लग्नासाठी. मल्लेशनं बाकी दोघांपुढं विषय मांडला. भागवत खाली बघून म्हणाला, तू म्हणशील तसं. अपेक्षा मात्र त्याच्याकडं वळली.

"आधी सिद्धोधनला सांग," ती म्हणाली. "तो तयार असला तर माझं काही म्हणणं न्हाई. तो न्हाई म्हणला तर विषय संपला."

मल्लेशनं कबूल केलं. त्या संध्याकाळी त्यानं सिद्धोधनला फोन लावला. पलीकडं लग्नघरातला गलका होता, सिद्धोधन ओरडून बोलत होता, खुशीत होता. अल्बमचं ऐकल्यावर त्यानं विचारलं, रेकॉर्डिंग कधी? मल्लेशच्या तोंडून निघालं, वीस तारखेला. रेकॉर्डिंग बारा तारखेपासून होतं. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, उद्या परत फोन करू आणि सांगू. उद्या झाला, परवा झाला. अपेक्षानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, बोललो त्याच्याशी, त्याला चालतंय.

वीस तारखेला सिद्धोधन नांदेड-पुणे गाडीनं आला आणि पिशवी घेऊन सरळ स्टुडिओत पोचला. आईनं चौघांसाठी लग्नातले लाडू आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. आत काचेपलीकडं इंजिनिअर तयार गाणं ऐकत बसला होता. "उभी आहे गाडी शेजारच्या रुळावर." स्वच्छ, सुरेल, कुठंही न फाटणारा आवाज. सिद्धोधननं ते पूर्ण ऐकलं. मग तो मल्लेशकडं वळला.

"मला विचारलं असतंस तर मी करा म्हणलो असतो," तो म्हणाला.

अपेक्षा कोपऱ्यात उभी होती. तिला तेव्हाच सगळं कळलं. सिद्धोधननं पिशवी खुर्चीवर ठेवली, दाराशी गेला, मग परत वळून म्हणाला, शब्दांना माझं नाव तरी लाव. मल्लेशनं मान हलवली. सिद्धोधन त्याच गाडीनं परत गेला.

ते नावही लागलं नाही. अल्बम आला तेव्हा त्यावर "गीत-संगीत : लूपलाईन" असं होतं. कंपनीची तशीच पद्धत आहे, असं सांगितलं गेलं. मल्लेशनं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अल्बम पडला. वाईट नव्हता, पण लोक पहिल्या गाण्यालाच विचारायला लागले, की हा कोण गातोय, तो कुठं गेला. "हाय"चं "आहे" झाल्यावर चालच डगमगायला लागली होती, एक मात्रा कुठं तरी जास्त व्हायची. स्टेजवर नवा गायक नीट गायचा आणि खाली लोक आपसात बोलत राहायचे. एकदा मागून कुणी तरी "सिद्धोधन, सिद्धोधन" असं सुरू केलं आणि अर्ध्या हॉलनं ते धरलं. नवा गायक बिचारा कसनुसा हसत उभा राहिला. त्याचाही काही दोष नव्हता.

अपेक्षा सहा महिन्यांनी गेली. भांडली नाही. बेस गिटार केसमध्ये घातली, पाथरीला जाऊन परीक्षा दिली, आज ती कृषी खात्यात आहे. भागवत दोन वर्षं टिकला, मग गावी गेला. आता लग्नाच्या वरातींत बँजो पार्टीसोबत वाजवतो आणि शेती बघतो. कंपनीनं फोन उचलणं बंद केलं. २०१९च्या पावसाळ्यात ईश्वरअप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि मल्लेश दुकानात येऊन बसला, तो बसलाच.

सिद्धोधननं दरम्यान पुन्हा रेल्वेची परीक्षा दिली होती. चार-पाच वर्षं उशिरा, पण लागला. चुडाव्याकडच्या बाजूला रुळावर काम करायला लागला, पुढं कीमन झाला: हातात हातोडा घेऊन रोज ठरलेल्या अंतराचा रूळ चालत तपासायचा, सुटलेल्या कीला, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी खुंटीला, ठोका घालायचा. पूर्णा तशी लहान. एवढ्या वर्षांत मल्लेशला तो बाजारात पाच-सहा वेळा दिसला. दर वेळी मल्लेश दुकानात मागं गेला. एकदा तिकीट खिडकीच्या रांगेत दोघांत दोनच माणसं होती, तेव्हा मल्लेश रांग सोडून निघून आला आणि त्याची गाडी चुकली.

गेल्या वर्षी, २०२५च्या मार्चमध्ये, गोदामातला तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला. कुणी तरी त्याचा तुकडा कापून रील केलं होतं. पुण्याच्या एका संगीत महोत्सवाच्या लोकांचा मल्लेशला फोन आला. त्यांना जुनी चौघं हवी होती, तीच आणि तशीच. भागवत फोनवर हरखला. अपेक्षा म्हणाली, सिद्धोधन आला तर मी सुट्टी टाकते. या वेळी मात्र त्याला मीच विचारते. मल्लेश म्हणाला, न्हाई, मला जाऊ दे.

रविवारी सकाळी तो रेल्वे क्वार्टरवर गेला. दार सिद्धोधनच्या बायकोनं, प्रियांकानं, उघडलं. नाव सांगितल्यावर ती आत या म्हणाली. सिद्धोधन मुलीचे केस विंचरत होता. केस कानशिलावर पांढरे झालेले, रंग उन्हानं रापलेला, अंग मात्र पूर्वीपेक्षा काटक. त्यानं बस म्हणून खूण केली. मग मुलीची वेणी घालून पुरी केली.

मल्लेशनं महोत्सवाचं सांगितलं. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. बारा तारखेचं, वीस तारखेचं, अपेक्षाला मारलेली थाप, नावाचं. आठ वर्षं मनात घोळवलेली वाक्यं बाहेर येताना फार छोटी वाटली.

"चुकलं माझं," तो शेवटी म्हणाला.

"हाव," सिद्धोधन म्हणाला. "चुकलं."

प्रियांकानं ताटं वाढली. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी. आता जेवूनच जा, असं तिनं सहज म्हटलं. मल्लेशनं पोळी मोडली आणि त्याच्या मनात आलं: हा माणूस चार वर्षं आपल्या गोदामात रोज येत होता, दारापासून स्वयंपाकघर वीस पावलांवर होतं. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर तेही स्वतःचंच दुःख सांगितल्यासारखं झालं असतं.

जेवण झाल्यावर सिद्धोधननं उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता.

"मी गाणं सोडलेलं न्हाई. आमची भीमगीतांची गायन पार्टी हाय, सुट्टी असली की जातो, लोक जीव लावून ऐकत्यात. पण ते गाणं आता माझ्याच्यानं व्हणार न्हाई."

"कामून?"

"त्याच्यात 'आमी' हा शब्द हाय. आमी खिडकीतून हात हलवायलोत. ते आमी म्हणजे कोण, हेच मला आता कळंना गेलंय."

मल्लेश उठला. दारापर्यंत सिद्धोधन सोडायला आला. अपेक्षाला आणि भागवतला नमस्कार सांग, म्हणाला.

महोत्सवाला मल्लेशनं नकार कळवला. तीनच जणांनी या, गायक आमी देतो, असं तिकडून सुचवण्यात आलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच, एका दमात, नाही म्हटलं. भागवत त्याच्याशी दोन महिने बोलला नाही. मग मल्लेशनं अपेक्षाकडून जुन्या व्हिडिओच्या खात्याचा पासवर्ड मागून घेतला आणि खाली लिहिलं: शब्द, चाल आणि आवाज, सिद्धोधन. कंपनीला तीन पत्रं पाठवली, अल्बमवर नाव घाला म्हणून. उत्तर आलेलं नाही. त्यानं सिद्धोधनला व्हिडिओची लिंक पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, पुढं काही नाही. अपेक्षानं मात्र लिहिलं, की हे तेव्हा करायचं होतंस.

थंडीत विहारासमोरच्या मैदानात दुपारी कार्यक्रम होता. दुकानासमोरून जाणाऱ्या रिक्षावरच्या भोंग्यातून गायन पार्टीची नावं सांगत होते, त्यात सिद्धोधनचं नाव आलं. मल्लेशनं दुकान बापाकडं सोपवलं. ईश्वरअप्पा आता काठी घेऊन गल्ल्यावर बसू शकतात. मैदान बायका-पोरांनी भरलेलं होतं. तो मागं, सायकली लावल्या होत्या तिथं उभा राहिला. पांढऱ्या शर्टात सिद्धोधन उभा, शेजारी पेटी, ढोलक, मागं झील धरणारे चार जण. आवाज तोच, वाळूचा, आणि वर चढताना अजून तसाच फाटणारा. दुसऱ्या कडव्याला त्याची नजर मागं आली, मल्लेशवर थांबली. त्यानं किंचित मान हलवली आणि गात राहिला.

धृपद आलं की सगळं मैदान गात होतं, पोरंसोरंही, शेजारी सायकलीला टेकलेला म्हातारासुद्धा. मल्लेशनं तोंड उघडलं, पण त्याला गाण्याचे शब्दच माहीत नव्हते. टाळ्या संपायच्या आत सिद्धोधननं दुसरं गाणं धरलं. तेही मल्लेशनं कधी ऐकलेलं नव्हतं.